संदर्भशोध आणि शब्द : तांत्रिक लेखनाच्या अभ्यासपद्धतीची एक चिकित्सा

तांत्रिक विषयावर मराठीत लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी तक्रार ‘साधने मिळत नाहीत’ ही असते. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. तथापि ती ज्या अर्थाने केली जाते त्या अर्थाने ती खरीही नाही. साधनांचा अभाव आणि साधनांचे विखुरलेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. विखुरलेली सामग्री हाती लागत नाही म्हणून ती नाहीच, असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष होय. या दोषाचे मूळ ग्रंथालयाच्या दारिद्र्यापेक्षा शोधकाच्या शब्दसंग्रहात अधिक आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. विवेचन हवेत राहू नये यासाठी एकच विषय उदाहरणादाखल घेतला आहे : गुऱ्हाळातील चुलाणाची सुधारणा.

विषय वरवर लहान वाटतो. उसाचा रस काहिलीत आटवावयाचा, चिपाडाचे जळण वापरावयाचे, आणि सुमारे ११८ अंश सेल्सिअसला पाक उतरवावयाचा. त्यात शोधण्याजोगे ते काय? परंतु विद्यार्थी ग्रंथालयात पाऊल टाकतो तोच हा विषय फुटून अनेक ठिकाणी विभागला जातो. मेल्विल ड्युई याच्या १८७६ सालच्या दशांश वर्गीकरणावर ज्या ग्रंथालयांची मांडणी आधारलेली आहे तेथे उसाची लागवड ६३३.६१ या अंकाखाली, म्हणजे शेतीत येते. साखर व तत्सम पदार्थांची निर्मिती ६६४.१ खाली, म्हणजे खाद्यतंत्रात येते. चिपाडाचा इंधन म्हणून विचार ६६२ मध्ये जातो. आणि धंद्याचे अर्थकारण पार ३३८ मध्ये जाऊन बसते. चुलाण ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याला हे चारही कप्पे धुंडाळणे भाग आहे. वर्गीकरणाचा हा दोष नव्हे, स्वभाव आहे. ज्ञानाची मांडणी शास्त्रांनुसार होते. धंद्यातील प्रश्न मात्र शास्त्रांच्या सीमा पाळीत नाहीत. विखुरलेली अंगे एका शब्दाखाली एकत्र दाखविणारी सापेक्ष अनुक्रमणिका ड्युईने याचसाठी योजिली होती. डॉ. शि. रा. रंगनाथन यांची शृंखला-पद्धतीही हेच काम अधिक काटेकोरपणे करते. परंतु ही साधने ग्रंथपालाच्या टेबलावरच राहतात आणि वाचकाच्या हाती बहुधा येत नाहीत. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांच्या १९३१ सालच्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र या ठिकाणी थिटे पडते.

आता मराठी साधनांकडे वळू. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीचे ऋण मराठी संशोधनावर किती आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या कालखंडातील ग्रंथांची नोंद करतो. पण तांत्रिक विषयाच्या दृष्टीने तिच्या दोन मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा काळाची : तंत्रविद्येचा मोठा विस्तार १९५० नंतर झाला. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. मराठीत तांत्रिक ज्ञान ग्रंथांपेक्षा नियतकालिकांतून आणि पुस्तिकांतून अधिक आले. १९२० साली एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मलेली ‘किर्लोस्कर खबर’, १९२८ साली पुण्यात निघालेले ‘सृष्टिज्ञान’, नागपूरचे ‘उद्यम’ ही नावे घेतली तरी पुरे. नियतकालिकांच्या सूचीने ‘नियतकालिक होते’ एवढे कळते. त्यात काय होते हे कळण्यास लेखसूची हवी. साहित्यिक लेखांच्या सूची आपण निष्ठेने केल्या. काहील, भट्टी, पंप यांवरील लेखांना तसा सूचिकार क्वचितच लाभला. यात आपल्या वाङ्मयीन अभिरुचीचा एक पक्षपात आहे, आणि तो स्पष्टपणे मान्य केला पाहिजे. १९५० नंतरच्या काळासाठी भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीचा आधार घ्यावा, तर तेथे मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत येतात. ‘गूळ’ या दोन अक्षरांचे लिप्यंतर कसे केले असेल याचा अंदाज बांधूनच पुढे जावे लागते.

मराठी विश्वकोशाचा उपयोग विद्यार्थी सर्वांत आधी करतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याचा पहिला खंड १९७६ साली व विसावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, हे विसरता कामा नये. अकारविल्हे रचनेमुळे ‘ऊस’ आणि ‘साखर’ या निकटच्या विषयांवरील नोंदींत दशकांचे अंतर पडले आहे. एकाच कोशातील दोन विधाने म्हणून ती शेजारी ठेवली, तर दोन वेगळ्या काळांचे तंत्र एकत्र कालवले जाते. शिवाय नोंदीच्या शेवटी दिलेले संदर्भ पुष्कळदा इंग्रजी ग्रंथांचे असतात. ते पाहून विद्यार्थी इंग्रजीकडे वळतो आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

इंग्रजीत तो ‘जॅगरी’ हा शब्द शोधतो. हा शब्द पोर्तुगीजांच्या द्वारे इंग्रजीत गेला आणि त्याचे मूळ आपल्याच ‘शर्करा’ शब्दाशी जाऊन भिडते, ही व्युत्पत्ती मनोरंजक आहे. पण शोधाच्या कामी तो फसवा आहे. एकीकडे तो अतिव्यापक आहे, कारण ताडाचा आणि गोव्याकडील माडाचा गूळही त्यात येतो. दुसरीकडे तो अव्याप्त आहे, कारण भारताखालोखाल गूळ करणाऱ्या कोलंबियात या पदार्थास ‘पानेला’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘रापादुरा’, जपानात ‘कोकुतो’. आणि आंतरराष्ट्रीय वाङ्मयात ‘नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर’, म्हणजे मळी यंत्राने वेगळी न केलेली साखर, अशी संज्ञा रूढ आहे. कोलंबियातील संशोधकांनी चिपाडावर चालणाऱ्या चुलाणांचा तपशीलवार अभ्यास केला आहे. आपल्या चुलाणाचा सख्खा भाऊ असलेली ती रचना ‘जॅगरी’ शब्दाने शोधणाऱ्याला दिसतही नाही. परिणामी तोच प्रयोग पुन्हा केला जातो, आणि प्रबंधात ‘या विषयावर फारसे काम झालेले नाही’ हे वाक्य निःशंकपणे लिहिले जाते.

मराठीतही शब्दांचा घोटाळा कमी नाही. गुऱ्हाळावर ‘मळी’ म्हणजे उकळत्या रसावर येणारा व झाऱ्याने काढावयाचा गाळ. साखर कारखान्यात ‘मळी’ म्हणजे साखर काढून उरलेला पाक. ज्याला हा भेद ठाऊक नाही तो कारखान्याचा आकडा गुऱ्हाळाच्या तक्त्यात बसवील, आणि तक्ता सुबक असल्यामुळे चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून तांत्रिक लेखनाच्या विद्यार्थ्याने पहिली टिपणवही शब्दांची करावी असे आमचे मत आहे. तिच्यात तीन रकाने असावेत : कारागिराचा शब्द, परिभाषाकोशातील शब्द, आणि परभाषांतील पर्याय. यांतील पहिला रकाना ग्रंथालयात भरता येत नाही. तो गुळव्याकडूनच भरून घ्यावा लागतो.

‘आधी कोश, मग ग्रंथ, मग नियतकालिके’ हा क्रम आपण साहित्याच्या अभ्यासातून जसाच्या तसा उचलला आहे. तांत्रिक विषयात तो तपासून घेतला पाहिजे. येथे ग्रंथ हा बहुधा ज्ञानाचा शेवटचा टप्पा असतो. भारतीय मानक ब्यूरोची मानके आज विनामूल्य उतरवून घेता येतात. एकस्वांच्या नोंदी खुल्या आहेत. कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि लखनौची ऊस संशोधन संस्था यांचे काम उपलब्ध आहे. प्रबंधांसाठी विद्यार्थी ‘शोधगंगा’ पाहून थांबतात. परंतु कृषी विद्यापीठांचे प्रबंध मोठ्या संख्येने ‘कृषिकोश’ या वेगळ्या भांडारात आहेत. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेने सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांस खुली झाली. दारे उघडली की काय मागावे हे ठाऊक असण्याचे महत्त्व वाढते, कमी होत नाही.

साधन सापडले म्हणजे ते प्रमाण ठरले असे नव्हे. चुलाणाने जळण वाचते हे विधान विक्रेत्याच्या पत्रकातही असते आणि चाचणीच्या अहवालातही असते. मोजले कोणी, काय मोजले, कोणत्या एककात आणि केव्हा, हे चार प्रश्न दोहोंस सारखेच विचारले पाहिजेत. रस स्वच्छ करण्यासाठी घालावयाच्या रसायनांचे प्रमाण जुन्या पुस्तिकेतून उतरून घेणारा लेखक केवळ कालबाह्य संदर्भ देत नाही. तो खाण्याच्या पदार्थाविषयी चुकीची सूचना देतो. साहित्यसमीक्षेतील चुकीचा संदर्भ वाचकाची दिशाभूल करतो. तांत्रिक लेखनातील चुकीचा संदर्भ गुऱ्हाळमालकाचा पैसा आणि ग्राहकाचे आरोग्य यांवर बेततो. या विषयाचे गांभीर्य येथे आहे.

सारांश, मराठीतील तांत्रिक लेखनाचा प्रश्न साधनांच्या संख्येपेक्षा त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या वाटांचा आहे. विद्यापीठीय विभागांना दोन कामे सहज हाती घेता येतील : ‘उद्यम’, ‘सृष्टिज्ञान’ यांसारख्या नियतकालिकांतील तांत्रिक लेखांची विषयवार सूची, आणि एकेका धंद्याचा त्रिस्तंभी शब्दसंग्रह. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक धंदा घेतला तर हे काम काही वर्षांत उभे राहील. तोपर्यंत ‘साधने मिळाली नाहीत’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास परीक्षकाने एकच प्रश्न विचारावा : कोणकोणत्या शब्दांनी शोधले?