शुगर, साखर आणि कोयता

मंडळी, आज एकच शब्द घेऊ: 'शुगर'. आपल्या बीड जिल्ह्यात तो इंग्रजी वाटतच नाही. 'त्यांना शुगर आहे' म्हटलं की खेड्यातल्या आजीलाही मधुमेह कळतो.

हा शब्द निघाला कुठून? संस्कृतात 'शर्करा' म्हणजे खडे, वाळूची कच. उसाच्या रसाचे दाणे तसेच दिसले, म्हणून त्यांनाही तेच नाव मिळालं. प्राकृतातून आपल्याकडे 'साखर' आली. तिकडे फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', पुढे लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत 'शुगर'. 'कँडी'च्या मुळाशीही आपला 'खंड'च, म्हणजे तुकडा.

इथं हमखास टाळ्या पडतात. 'बघा, इंग्रजांचा शब्दही आमचाच!' आमची तक्रार आहे ती या टाळीबद्दल. व्युत्पत्ती खोटी नाही. पण शब्द कुठून आला हे कळलं म्हणजे त्याचा अर्थ कळला, असं होत नाही. योगार्थापेक्षा रूढार्थ बलवान, हे आपलेच शास्त्रकार सांगून गेले. आणि रूढार्थ सापडतो तो वापरात.

मग आपल्या जिल्ह्यातला वापर पाहू. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'. माणसं दोन, नाव एका हत्याराचं. दिवस चुकला की तो 'खाडा', आणि पैसे कापले जातात. आजारपणालाही सवलत नाही. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या 'पिशव्या काढल्या' जातात, अशा बातम्या आल्या; २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. 'पिशवी' हाही शब्द किती साधा, आणि त्यात काय काय झाकलं जातं! 'शर्करे'चा अभिमान सांगताना आम्ही अभ्यासक मंडळींनी 'कोयता', 'खाडा', 'पिशवी' यांचे अर्थ कधी विचारले? फारसे नाहीच. हा आमचाही दोष.

जाता जाता आणखी एक व्युत्पत्ती. परंपरा सांगते, 'कुशल' म्हणजे धारदार कुश गवत नीट काढून आणणारा. मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त रूढीचं उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला. म्हणजे गवत काढणाऱ्याच्या हातावरून आपण कौशल्याला नाव दिलं. आणि दिवसभर वाकून ऊस तोडणाऱ्या बाईला मात्र 'अकुशल मजूर' म्हणतो. टाळी वाजवायच्या आधी एवढं लक्षात असू द्यावं.