बाहुल्यांच्या खेळाचा धनी: 'राजी'मधील गोलूच्या पात्राविषयी

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये आणलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम भारतीय कथाप्रधान खेळांच्या छोट्याशा इतिहासातील ठळक टप्पा आहे, आणि त्याच वर्षी 'द गेम ॲवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांसाठी असलेल्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. त्यावर जे लिहिले गेले ते बहुतांशी राजपुतान्याच्या धर्तीवरील वास्तू, पहाडी शैलीची चित्रे आणि त्रिशूळ घेऊन असुरांशी झुंजणारी नायिका यांविषयी होते. राजीचा धाकटा भाऊ गोलू मात्र 'पळवून नेलेले मूल' एवढ्याच ओळखीवर राहिला, आणि हा त्या पात्रावर झालेला अन्याय आहे.

कथानक थोडक्यात असे आहे: राजी आणि गोलू ही जत्रेत खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे असून बहीण कसरती करते, तर भाऊ बाहुल्या नाचवतो, राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर चाल करून येतात, गोलूला उचलून नेतात, आणि दुर्गेच्या कृपेने शस्त्र लाभलेली राजी त्याच्या शोधात निघते. खेळातील 'कटसीन', म्हणजे खेळाडूच्या हातून सूत्रे काढून घेऊन कथा केवळ दाखवणारे प्रवेश, छायाबाहुल्यांच्या रूपात मांडले आहेत. ही निवड निव्वळ सजावट म्हणून पाहिली गेली; पण बाहुल्या ही गोलूची विद्या आहे हे ध्यानात घेतले, तर बहिणीचा सारा पराक्रम भावाच्या कलेच्या भाषेत सांगितला जात आहे हे उघड होते. पडद्यावर तो क्वचितच असतो, परंतु कथा ज्या रीतीने आकार घेते ती रीत त्याची आहे. वाटेत वर्तुळाकार चित्रांचे तुकडे फिरवून जुळवण्याची जी कोडी येतात, त्यांतही भावंडांच्या गतायुष्याच्या आठवणी उमटतात, आणि लढायांच्या धबडग्यात तेवढाच अवकाश गोलूच्या वाट्याला येतो.

या मातीत अशा पात्राची पाळेमुळे खोल आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या परंपरा जपल्या आहेत, आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात कलावंत पडद्याआड बसतो आणि प्रेक्षकाला दिसते ती केवळ छाया, तरीही राम-रावणांना चाल, आवाज आणि राग-लोभ त्याच्याकडूनच मिळतात. गोलूचे खेळातील स्थान नेमके हेच आहे.

दुय्यम पात्राला वजन कसे द्यावे, याचा एक जुना आणि अव्वल नमुना मावळातच आहे. मळवली स्थानकापासून जवळ असलेल्या भाजे लेण्यांतील दक्षिणेकडच्या विहारात, एका खोलीच्या दाराशी, चार घोड्यांच्या रथाचे शिल्प कोरलेले आहे. रथारूढ पुरुष सूर्य मानला जातो, जरी काही अभ्यासक तेथे मांधात्याची कथा पाहतात. त्याच्या एका बाजूची स्त्री छत्र धरते, दुसरी चवरी ढाळते, आणि रथाखाली एक अवाढव्य असुरदेह चिरडला जात आहे. या तिघांना तिथून हटवले तर रथातील पुरुषाचा अधिकारही कळणार नाही आणि रथाचा भारही जाणवणार नाही, कारण शिल्पकाराने प्रत्येकाकडे एक काम सोपवले आहे आणि त्या कामातूनच मुख्य आकृतीला अर्थ मिळतो.

या कसोटीवर आजचे भारतीय खेळ फार तोकडे पडतात. नवी मुंबईत घडलेल्या 'लुडो किंग'सारख्या लोकप्रिय मोबाइल खेळांत पात्रांचा प्रश्नच येत नाही, आणि जेथे कथा असते तेथे सहायक पात्र बहुधा माहिती सांगण्यापुरते उभे असते. 'राजी'तही दुर्गा आणि विष्णू हे निवेदक राजीच्या वाटचालीवर सतत बोलत राहतात. त्यांचा संवाद रंगतदार आहे, पण देवकथा समजावण्यात तो इतका खर्ची पडतो की गोलू कसा हसतो, कशाला भितो, कोणती बाहुली त्याची लाडकी, हे विचारायला कोणालाच सवड होत नाही. शेवटही घाईने उरकल्यासारखा आहे, त्यामुळे भावंडांची गोष्ट अर्धीच राहते.

जपानी 'इको' (२००१) या खेळात योर्डा नावाच्या मुलीचा हात धरून ठेवायला खेळाडूला बटण दाबून ठेवावे लागते, आणि तिच्याशी असलेले नाते बोटांनाच उमगते. टोरंटोत घडलेल्या 'वेन्बा' (२०२३) या तमिळ कुटुंबाच्या खेळात आईच्या हातचा स्वयंपाक पुढे मुलाच्या, कविनच्या, हाती येतो, आणि तोवर बाजूला असलेला तो खेळाडूचाच होऊन जातो. 'राजी'च्या रचनेत अशी संधी आयतीच होती: असुर येण्यापूर्वी जत्रेतला एकच खेळ खेळाडूने गोलू होऊन, बाहुलीच्या दोऱ्या हाती घेऊन करायला हवा होता, म्हणजे पुढचा प्रत्येक छायाप्रवेश पाहताना त्या दोऱ्या कोणाच्या हातात होत्या हे त्याला आपोआप आठवले असते.