पिता कुठे उभा आहे?

यथार्थदर्शनाने चित्राच्या केंद्रस्थानी देवाऐवजी माणूस आणला, हे विधान इतक्यांदा वाचनात येते, की मीही बरीच वर्षे ते तपासून पाहिले नव्हते. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमधील मसाच्चोचे ‘त्रैक्य’ हे भित्तिचित्र सुमारे १४२७चे. त्याच्या छापील प्रतिकृतीवर पट्टी ठेवून रेषा ओढल्या, तेव्हा ते विधान जसेच्या तसे मानणे मला जड जाऊ लागले.

कमानी छतावरच्या चौकटींच्या मागे धावणाऱ्या रेषा खाली वाढवत नेल्या, की त्या क्रुसाच्या पायथ्याशी एकत्र येतात. हा लोपबिंदू चर्चच्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. त्याच्या खाली थडगे, थडग्यावर सांगाडा. अनेक पुस्तकांत हा खालचा भाग कापलेला असतो. मग बिंदू चित्राच्या तळाशी उगाच पडल्यासारखा दिसतो. (१५७०च्या सुमारास व्हासारीने पुढे वेदी उभारून चित्र झाकले. वरचा भाग १८६०मध्ये सापडला, सांगाडा त्यानंतर नव्वदएक वर्षांनी.) माणसाचा डोळा केंद्र झाला हे खरेच, पण त्या डोळ्याला दिलेली जागा क्रूस आणि हाडे यांच्या मधली आहे.

अडचण पित्याची. वास्तू खालून पाहिल्यासारखी आहे, पिता मात्र समोरून. त्याच्या पायाखालचा कट्टा मागच्या भिंतीला लागून असल्यासारखा दिसतो, आणि हात तर पुढच्या क्रुसाचे आडवे लाकूड धरून आहेत. हिशेब जुळत नाही. काही अभ्यासक याला चूक म्हणतात. ओल्या गिलाव्यावर रेघा कोरून छताची मापे घेणाऱ्या चित्रकाराची नजर नेमकी इथेच चुकली, हे मला पटत नाही.

मी ख्रिस्ती आहे, तेव्हा हा निष्कर्ष मला सोयीचा आहे, हे आधीच कबूल करतो. देहधारणाचा अर्थ मी असा लावत होतो, की पुत्र मापात आला, पिता मापाबाहेर राहिला. पट्टीने तेही सरळ टिकू दिले नाही. पुत्राचा देहसुद्धा खालून पाहिलेला नाही. उरते एवढेच, की क्रूस कुठे रोवला आहे ते अंदाजाने दाखवता येते, पिता कुठे उभा आहे ते येत नाही. शेजारची मरिया खाली आपल्याकडे पाहते आहे. तिचा हात पुत्राकडे वळलेला आहे.