नाटकाची कादंबरी होते तेव्हा

मराठीत कादंबरीवरून नाटक बेतण्याची वाट चांगली रुळलेली आहे. श्री. ना. पेंडसे यांनी 'गारंबीचा बापू' आणि 'रथचक्र' या आपल्याच कादंबऱ्या रंगभूमीवर आणल्या. उलट दिशेचा प्रवास मात्र विरळा. म्हणूनच अगाथा ख्रिस्ती यांच्या 'ब्लॅक कॉफी' या नाटकाची चार्ल्स ऑस्बर्न यांनी १९९८ साली केलेली कादंबरी आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

मूळ नाटक १९३०चे. 'रॉजर ॲक्रॉइड'वरून दुसऱ्याने रचलेल्या 'ॲलिबाय' (१९२८) या नाटकातील पॉयरो बाईंच्या मनास उतरला नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःच नाटक लिहिले. शास्त्रज्ञ सर क्लॉड एमरी यांचे स्फोटकाचे सूत्र चोरीस जाते. ते घरच्यांना ग्रंथालयात एकत्र करतात, दिवे मालवतात आणि सूत्र परत ठेवण्यासाठी चोराला एक मिनिट देतात. दिवे लागतात तेव्हा लिफाफा मेजावर असतो. सर क्लॉड मात्र उठत नाहीत. (खुनी कोण, हे आम्ही सांगणार नाही. तेवढा शिष्टाचार रहस्यकथेच्या समीक्षकाने पाळावाच.)

नाट्यगृहात त्या मिनिटभर प्रेक्षकही अंधारात असतो. कागदाची सळसळ, कसला तरी आवाज, एक किंकाळी हे सारे तो स्वतःच्या कानांनी ऐकतो व साक्षीदार बनतो. कादंबरीचा वाचक तोच काळोख दिव्याखाली बसून वाचतो. आवाजांची यादी त्याच्या हाती येते. भय येत नाही. याची भरपाई ऑस्बर्न यांना अन्य मार्गाने करता आली असती. पण तरुणपणी याच नाटकात भूमिका केलेल्या या लेखकाने संहितेवर इतकी निष्ठा ठेवली की पॉयरोच्या न्याहारीचा आरंभ सोडता पुस्तक त्या खोलीबाहेर फारसे पडतच नाही. पात्रे बागेकडील दारातून येतात, बोलतात, जातात. रंगसूचनांची क्रियापदे तेवढी भूतकाळी झाली आहेत.

कादंबरीला मनाच्या आत शिरण्याची मुभा असते, आणि रहस्यकथेला नेमकी तिचीच धास्ती. ही अडचण खरी आहे. तरीही चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन खुन्याच्या मनात स्वतः उतरून त्याला ओळखतो; पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला ती रीत परकी नाही. आमच्या माहूरच्या गडावर तर रहस्य असे काही नाहीच. रेणुकामातेवर परशू कोणी उचलला, कोणाच्या आज्ञेने, हे लहान मूलही सांगते. तरी ती कथा पुनःपुन्हा ऐकली जाते, कारण पित्याची आज्ञा आणि मातेचे मस्तक यांमध्ये उभ्या असलेल्या त्या पुत्राचे काय झाले असेल, हा प्रश्न उत्तर ठाऊक असूनही मिटत नाही.

'ब्लॅक कॉफी'त असा प्रश्न ल्युसियाच्या वाट्याला आला आहे. एमरी घराण्याची ही इटालियन सून आपल्या आईचे नाव लपवीत जगते. ते नाव ठाऊक असलेला डॉक्टर करेली त्याच घरात पाहुणा म्हणून बसलेला असतो. नाटकात नटीचा चेहरा हे सारे ओझे वाहू शकतो. कादंबरीत चेहरा नाही. तेथे शब्द हवे होते. निदान एक प्रकरण तिला एकटीला मिळते, तर थोडे रहस्य आधी फुटले असते, आणि आमची त्यास हरकत नव्हती.