निकुंभ सर एक, कामे चार

'तारे जमीन पर' हा आमीर खान दिग्दर्शित आणि अमोल गुप्ते लिखित हिंदी चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये पडद्यावर आला. शिक्षकांच्या बैठकीत 'वेगळ्या' मुलाचा विषय निघाला, की आजही कोणीतरी ईशान अवस्थीचे आणि त्याच्या निकुंभ सरांचे नाव घेतोच. चित्रपट म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांला त्याकडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. वर्गातील मुलाची अडचण ओळखायची कोणी, तपासायची कोणी आणि पुढे निस्तरायची कोणी, याविषयी हा चित्रपट शिक्षकाला काय शिकवतो?

प्रथम त्याचे मोठे श्रेय मान्य करू. निकुंभ सर ईशानच्या वडिलांच्या हाती परक्या लिपीतला मजकूर छापलेले एक खोके देतात आणि म्हणतात, वाचा. वडिलांना अर्थातच वाचता येत नाही. मग सर त्यांच्यावरच खेकसतात, की तुम्ही मुद्दाम वाचत नाही, तुम्हांला शिस्त नाही. 'आळशी', 'उनाड', 'मठ्ठ' या शब्दांत आपण मुलाच्या अडचणीलाच त्याचा अपराध कसा ठरवतो, हे या एका प्रसंगातून जसे कळते तसे दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

आता उणीव पाहू. ईशानची लेखन-वाचनाची अडचण निकुंभ सर वह्या चाळून ओळखतात. तिचे नाव तेच ठरवतात आणि पालकांना तेच समजावतात. मुख्याध्यापकांकडून सवलत तेच मिळवतात. शाळा सुटल्यावर वाळू, माती, रंग घेऊन शिकवतातही तेच. निरीक्षक, तपासनीस, उपचारक आणि पाठीराखा अशी चार माणसांची कामे एका माणसात कोंबली आहेत. मुलाची नजर, श्रवण, बुद्धिमापन आणि वाचनचाचणी करणारे कोणी तज्ज्ञ या कथेत लागतच नाहीत. परिणाम असा, की चित्रपट पाहून बाहेर पडणारा शिक्षक दोनपैकी एक समज घेऊन जातो. 'मीही वही पाहून सांगू शकतो' हा एक, आणि 'मी काही निकुंभ नाही, तेव्हा माझ्याने काही होणार नाही' हा दुसरा. दोन्ही समज मुलाच्या हिताचे नाहीत.

वाचनाच्या अडचणीत निदान वहीवर तरी काही खुणा उमटतात. तिच्या शेजारची आणि अनेकदा तिच्या सोबतीनेच येणारी दुसरी अडचण घ्या. तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतात. 'एडीएचडी' हे तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आता आपल्याकडेही रूढ झाले आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या असता शंभरात सुमारे पाच मुलांत ती आढळते. म्हणजे चाळीसांच्या वर्गात सरासरी दोघे. ती सांगणारी रक्तचाचणी नाही, क्ष-किरण चित्र नाही, वहीतली खात्रीची खूणही नाही. तिचा सारा पुरावा वागणुकीत असतो, आणि वागणूक तर पाहणाऱ्यागणिक वेगळी दिसते.

म्हणूनच तिच्या निदानाच्या अटी कडक ठेवल्या आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेत अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलाच्या बाबतीत कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली हवीत. त्यांपैकी काही तरी बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. ती घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत, त्यांनी कामात खरा अडथळा आणायला हवा, आणि त्यांचा उलगडा दुसऱ्या कारणाने होता कामा नये. ही शेवटची अट सर्वांत जड आहे. कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, क्षणभर भान हरपणारे अपस्माराचे झटके, अपुरी झोप, घरातील मारहाण, वर्गाची भाषाच न कळणे, यांपैकी कशानेही मूल 'लक्ष न देणारे' दिसू शकते. ही छाननी बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ करतात. बुद्धिमापन आणि इतर मानसशास्त्रीय चाचण्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ घेतात, तर अभ्यासाची पुनर्रचना विशेष शिक्षक करतात. या शेवटच्या दोघांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन-अक्षमता चिकित्सालयात ही मंडळी एकत्र बसून मूल तपासतात. जे काम तिथे अनेकांच्या हातून होते, ते चित्रपटाने एका संध्याकाळी वह्यांवर उरकले आहे.

शिक्षकाची नजर कमी दर्जाची, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मात्र ती कुठे फसते हे माहीत हवे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासून २०१२ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाचे वर्ष ३१ डिसेंबरला संपते. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते आणि जानेवारीतले सर्वांत मोठे. जानेवारीतल्या मुलांच्या तुलनेत डिसेंबरातल्या मुलग्यांना हे निदान मिळण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त होते आणि मुलींत ७० टक्क्यांनी. जन्माच्या महिन्याने मेंदूचा विकार ठरत नाही. केवळ लहान असणे हेच काही वेळा विकार समजले गेले होते. उलट बाजूने, खिडकीपाशी गप्प बसून हरवणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिची नोंदच होत नाही.

चौथे काम पाठपुराव्याचे. चित्रपटात ते चित्रकलेच्या स्पर्धेत संपते; ईशान पहिला येतो आणि सारे डोळे पुसतात. प्रत्यक्षात खरे काम निदानानंतरच सुरू होते. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला काळजीपूर्वक औषध देण्यात आले. डॉक्टर दर महिन्याला भेटत आणि शिक्षकांकडून माहिती घेऊन मात्रा ठरवत. दुसरा गट आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यातीलही बहुसंख्य मुले औषध घेत होती. चौदा महिन्यांनी पहिल्या गटाची लक्षणे स्पष्टपणे कमी होती. दोन्हीकडे गोळी होती, पण नियमित भेट आणि शाळेची खबर एकीकडेच होती. पुढे तीन वर्षांनी, ही नियमित देखरेख थांबल्यानंतर, गटांतला फरक उरला नाही, हेही सांगितले पाहिजे. अगदी लहान, सहा वर्षांखालील मुलांसाठी तर पहिला उपाय गोळी हा नाहीच. पालकांना मुलाशी वागण्याचे प्रशिक्षण देणे हा आहे.

ईशान मुंबईचा, पाचगणीच्या निवासी शाळेत ठेवण्याची ऐपत असलेल्या घरचा. आता बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटचा विचार करा. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून जवळ आहे. मराठीबरोबर उर्दूही तिथे घराघरांत बोलली जाते. तिथल्या तिसरीतल्या मुलाविषयी बाईंना शंका आली तर पुढची वाट कोणती? कागदावर वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत अध्ययनाची अडचण आणि अवधान-न्यूनता व अतिचंचलता ही दोन्ही नावे आहेत. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक वर्षातून एकदा शाळेत यावे, संशयित मूल त्याने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे.

या योजनेतही चित्रपटाचीच चूक दुसऱ्या रूपाने आहे, असे आमचे मत आहे. चित्रपटाने सारे काम एका शिक्षकावर टाकले, तर इथे शिक्षकाला जवळपास वगळले आहे. फाटलेला ओठ पथकाला एका दिवसात दिसेल, दातांची कीड दिसेल; पण सहा महिने टिकलेली वागणूक एका सकाळी कशी दिसणार? परक्या डॉक्टरपुढे तर चंचल मूलही शहाण्यासारखे बसते. ते पाहिले असते बाईंनी. तेव्हा बाईंचा कागद पथकाच्या हाती पडला नाही, तर यादीतले हे नाव यादीतच राहते. आणि निदान झालेच, तर पुढील प्रत्येक फेरीला आई किंवा वडील एका दिवसाची मजुरी सोडतात. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत झाली नाही, तर तोही खर्च वाया जातो.

कायदाही इथे अर्ध्यावर थांबतो. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यास १९९६ पासून सुरुवात झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आली. अवधान-न्यूनतेचे स्वतंत्र नाव मात्र त्यात नाही. म्हणजे ज्या मुलाला वाचता येते पण पेपर संपेपर्यंत बसवत नाही, त्याच्यासाठी शिक्षकाची समजूत हीच पहिली सवलत ठरते.

चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, अडीच-तीन तासांत सारे कसे दाखवणार, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण निकुंभ सर वर्गात आइन्स्टाइनचे नाव घेऊन मुलाला धीर देतात, तेव्हा चित्रपट विज्ञानाच्याच नावाने बोलत असतो. आइन्स्टाइनला वाचनाची अशी अक्षमता होती याला भरवशाचा पुरावा नाही. हयात नसलेल्या माणसाचे निदान ऐकीव गोष्टींवरून करणे आणि समोरच्या मुलाचे वह्यांवरून करणे, या एकाच घाईच्या दोन तऱ्हा आहेत. शिवाय ईशानला न्याय मिळतो तो त्याच्या हातात चित्रकला आहे म्हणून. ज्याच्या हातात असे काहीच नाही, त्या साध्या मुलालाही न्याय मिळायला हवा.

मग शिक्षकाने काय करावे? चारपैकी आपले एक काम चोख करावे. 'फार चंचल आहे' असे न लिहिता 'गणिताच्या तासाला दहा मिनिटांत चार वेळा जागा सोडली. गोष्टीच्या तासाला एकदाही नाही' असे लिहावे. तारीख, तास, आधी काय घडले, कशाने शांत झाला, हे पंधरा दिवस टिपावे. वर्गातील इतरांच्या तुलनेत मुलाचे वय नोंदवावे, नजर आणि श्रवण आधी तपासून घ्यावे. मग तो कागद पालकांच्या संमतीने पथकाकडे, जिल्हा केंद्राकडे आणि गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडे द्यावा. विकाराचे नाव त्यावर लिहू नये. ते तज्ज्ञांचे काम. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, कामाचे लहान तुकडे करणे, फळा पुसण्याच्या निमित्ताने उठू देणे, याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

निकुंभ सरांसारखे शिक्षक विरळा असतात. ज्या व्यवस्थेला प्रत्येक शाळेत असा एकेक असामान्य माणूस लागतो, ती व्यवस्था चालायची नाही. साध्या शिक्षकाचा नेमका कागद योग्य माणसाच्या टेबलावर वेळेत पोहोचला, तर देऊळघाटच्या मुलाला निकुंभ सरांची वाट पाहावी लागणार नाही.