रोहम यांचा ठराव : एक वाचन

लहानपणी घोडेगावात भिंतीवर लाल त्रिकोणाशेजारी ‘हम दो, हमारे दो’ रंगवलेले असे. हिंदीतल्या ‘हम’चे मराठीत दोन अर्थ होतात. ‘आम्ही’ बाहेरच्याला सांगायचे, ‘आपण’ एकमेकांत बोलायचे. या घोषणेचे मराठी कोणीही ‘आम्ही दोघे’ असेच करील. म्हणजे ठरून गेलेले जाहीर करणे. ‘आपल्याला किती हवीत?’ हे त्याआधीचे बोलणे तिच्यात नाही. आईला आम्ही पाच मुले. तुला किती हवी होती, असे मी एकदाच विचारले. ती म्हणाली, “मला कोणी विचारलं होतं का?”

हा प्रश्न छापील मजकुरात मला भेटला तो १० नोव्हेंबर १९३८ च्या मुंबई विधानसभेतल्या भाषणात. संततिनियमनाचा ठराव मांडला होता पी. जे. रोहम यांनी, स्वतंत्र मजूर पक्षाचे, आमच्याच नगर जिल्ह्यातले आमदार. भाषण डॉ. आंबेडकरांचे मानले जाते. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते आहे. (शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, वेळ लागला.)

त्यातला लोकसंख्या-दारिद्र्याचा भाग त्या काळच्या इतर सुधारकी लिखाणासारखाच आहे. बळ दुसरीकडे आहे. प्रसूतीच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलांना कोणी तयार झाला नसता, असे भाषण म्हणते. आणि कारण कोणतेही असो, मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी बाईच्या इच्छेवर सोडते. ‘कारण कोणतेही असो’ हे मला फार मोलाचे वाटते. तब्येत, गरिबी, देशहित, यांतले काहीच तिने पुढे करायचे नाही. नवरा-बायकोचे जुळले नाही तर कोणाचे चालायचे, हे ‘दांपत्य’ या शब्दाआड झाकून जाते. इथे त्याचे थेट उत्तर आहे.

१९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे आणि मालतीबाई यांनी मूल नको असे ठरवले, आणि शस्त्रक्रिया र. धों.नी स्वतःवर करून घेतली. तिथे निर्णय दोघांचा होता. रोहमांचे भाषण एकमत नसलेल्या घरालाही लागू पडते.

पण एवढा हक्क सांगून ठराव मागतो काय, तर सरकारने जोरदार प्रचार करावा आणि सोयी पुरवाव्यात. सोयीपर्यंत ती पोचणार कशी, यावर भाषण गप्प आहे. सभागृहाने तेवढेही फेटाळले.

आमच्याकडे शस्त्रक्रियेला आजही बहुतेक बायकाच जातात. सरकारी नियमाप्रमाणे नवऱ्याची संमती लागत नाही. तरी बाई आधी सांगते, “घरी विचारलंय.”