राक्षस केवढा हवा? 'शपथ'च्या वाचकांचे शेरे

जालन्यातल्या एका खासगी वाचनालयात नारायण धारपांच्या 'शपथ' कादंबरीच्या दोन प्रती होत्या. एक धड, दुसरीची शेवटची पाने गेलेली. दोन्ही वर्षानुवर्षे फिरत राहिल्या, कारण धारपांना मागणीच एवढी की फाटकी प्रतसुद्धा कपाटात टिकत नसे. मी तेव्हा मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहीत असे. दुपारी लिलाव आटोपला की वाचनालयात जाऊन बसायचे, ही सवय. वाचकांनी पेन्सिलीने समासात लिहिलेले शेरे वहीत उतरवून घ्यायला मी तिथेच सुरुवात केली. समीक्षेचे शिक्षण मला नाही. पण ज्यांना ते होते त्यांनी धारपांकडे (१९२५-२००८) फारसे वळून पाहिले नाही, तेव्हा मला पेन्सिलवाल्यांवरच भिस्त ठेवावी लागली.

'शपथ' ही स्टीफन किंगच्या १९८६ सालच्या 'इट'वर बेतलेली आहे, हे आता बहुतेक वाचकांना माहीत असते. 'इट'मध्ये सात मुले आहेत आणि त्यांच्या गावाखालच्या गटारांत राहणारा एक प्राचीन जीव. ज्याला ज्याचे भय, ते रूप तो घेतो. मुले त्याला एकदा हरवतात, तो परतला तर आपणही परतायचे अशी शपथ घेतात, आणि सत्तावीस वर्षांनी ती पाळायची वेळ येते. अखेरीस तो जीव एका महाकाय कोळिणीच्या रूपात समोर येतो. हजाराहून अधिक पाने ज्याने श्वास रोखून वाचली, तोच वाचक इथे हटकून कुरकुरतो. इंग्रजी वाचकांत ही तक्रार इतकी जुनी आहे की तिचा विनोद झाला आहे.

आमच्या धड प्रतीतल्या शेऱ्यांचा सूरही तसाच. सुरुवातीला रात्री वाचू नये छापाचे इशारे, मुलांच्या भागाजवळ कौतुक, आणि शेवटाकडे येता येता नाराजी: एवढे ताणून अखेर हेच काय? फाटक्या प्रतीत मात्र नाराजी आहे ती वाचनालयाच्या मालकावर, कादंबरीवर नाही. त्या वाचकांपैकी काहींनी पुढे काय झाले असेल ते स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि बऱ्याच जणांनी हे धारपांचे सर्वांत भयंकर पुस्तक ठरवून टाकले आहे. कादंबरी तीच, गाव तेच, कपाट तेच. फरक एवढाच की एकांना शेवट दिसला, दुसऱ्यांना नाही. (दोन प्रतींवरून सिद्धान्त मांडू नये हे मलाही कळते. चिडलेला माणूस जरा जास्तच लिहितो, हेही लक्षात घ्यायला हवे.)

किंगला हा धोका ठाऊक होता. 'डान्स माकाब्र' (१९८१) या भयकथेवरच्या पुस्तकात तो विल्यम नोलान या लेखकाचा दाखला देऊन बंद दाराविषयी बोलतो. दाराआड काहीतरी खरवडते आहे. दार उघडते, आत दहा फुटांचा किडा. प्रेक्षक किंचाळतो, पण आतून त्याला हायसे वाटते, कारण त्याने शंभर फुटांचा धरून ठेवलेला असतो. शंभर फुटांचा दाखवलात तर त्याने हजाराचा धरलेला असतो. म्हणजे आकार वाढवून हा हिशेब कधी जुळायचाच नाही. तरीही दार कधीच न उघडणे ही लेखकाची पळवाट आहे, असे किंगचे म्हणणे. 'इट'मध्ये त्याने ते उघडले आणि बोलणी खाल्ली.

आपल्याकडे हा हिशेब आणखी अवघड होतो असे मला वाटते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यांच्या मारुतिस्तोत्रात मारुती सूक्ष्मातून वाढत वाढत विश्वाला पुरून उरतो, आणि अंधारात वडाखालून जाताना आम्ही पोरे तेच स्तोत्र मोठ्याने म्हणत असू. जे अवाढव्य, ते आपल्या बाजूचे. धारपांच्या मांत्रिक नायकाचे नावही समर्थ, हा योगायोग आमच्याकडच्या वाचकाला सुखावतो. कुंभकर्ण तर हसण्याचाच विषय. अंबडला मत्स्योदरी देवीचा डोंगर माशाच्या आकाराचा आहे. नवरात्रात माणसे त्या माशाच्या अंगाखांद्यावर चढून दर्शनाला जातात, भीती कुणालाच वाटत नाही. अशा वाचकापुढे नुसते आकारमान ठेवले तर तो घाबरायचा कसा? त्याला भीती वाटते ती वाड्यातल्या बंद खोलीची, आडातून आलेल्या ओळखीच्या हाकेची.

या मांडणीला एक अडचण आहे, ती लपवत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन थरथरतो आणि पूर्वीचेच रूप दाखव अशी विनवणी करतो. पण नीट पाहिले तर त्याला हलवते ते त्या रूपाच्या मुखांत शिरणारे भीष्म, द्रोण, कर्ण. ओळखीची माणसे चिरडली जाताना दिसतात, म्हणून ते रूप भयंकर. किंगनेही भीती उभी केली आहे ती ओळखीच्या गावातून हरवणाऱ्या पोरांच्या जोरावर, कोळिणीच्या पायांच्या लांबीवर नव्हे.

हे सगळे मी पूर्वी एका मेळाव्यात निबंध म्हणून वाचले होते. धारप ही उसनवारी आहे आणि फाटकी प्रत हीच चांगली कादंबरी, असे त्यात ठासून म्हटले होते. चर्चेच्या वेळी एक निवृत्त शिक्षिका उठल्या.

"दादा, तुम्ही आधी किंग वाचलात का धारप?"

"धारप."

"मग घाबरवलं कुणी तुम्हाला?"

लोक हसले. त्या मात्र बसल्या नाहीत. "आणि त्या पोरांनी शपथ घेतलीय ना? मग समोर काही यायला नको? मारायचं कुणाला त्यांनी, अंधाराला?"

मूळ लेखकाचे नाव ठळक असावे, हे माझे मत आजही कायम आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हरलो. फाटकी प्रत जास्त भीतिदायक आहे, चांगली नाही. शपथ घेतलेल्यांना शत्रू दिसलाच पाहिजे, मग तो दिसल्यावर वाचकाची निराशा झाली तरी चालेल. धड प्रतीवर कुरकुरणाऱ्यांना भीती हवी होती, बाईंना न्याय हवा होता, आणि कादंबरी दोघांनाही देणे लागत होती. शेवटी ती बाईंच्या बाजूने झुकली. आता मला ते बरोबर वाटते.

२०१८ साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आला. त्यामागे धारपांची 'आजी' ही कथा, आणि तिच्यामागे किंगची 'ग्रॅमा'. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला, आणि माझ्याकडे धारप मागायला येणारी पोरेही वाढली. 'तुंबाड'ने दार उघडले, पण आतला हस्तर मोठा केला नाही. शेवटी हाव वाढते, कणकेच्या बाहुल्या वाढतात, तसे हस्तरच अनेक होतात. तिथे वाढते ती संख्या, आणि ती वाढवली माणसाने स्वतः. मोंढ्यातल्या माझ्या एका जुन्या सोबत्याला हे दृश्य किंगच्या कोळिणीपेक्षा भारी वाटले. सौदा अंगावर येतो तो असाच, म्हणाला.

ते वाचनालय आता बंद झाले. फाटकी प्रत मालकाने मला दिली, धड प्रत कुणीतरी नेली ती परत आली नाही. तिच्यातले मी उतरवलेले शेरे अपुरे आहेत, शेवटच्या काही पानांवरची पेन्सिल पुसट झाल्यामुळे मला वाचता आली नव्हती. मराठवाड्यात कुठल्या वाचनालयात 'शपथ'ची अशी लिहिलेली प्रत असेल, तर ती मला पाहायची आहे. पाने पूर्ण असोत वा नसोत.